सदतीस दुव्यांचा रेणू आणि बधिर तळपाय

पहिल्या पावसानंतर शहापूर-मुरबाडकडे भाताच्या खाचरांत चिखलणी सुरू झाली, की आरोग्य केंद्रांत अधूनमधून एक विशिष्ट जखम दिसू लागते. अंगठ्याच्या मुळाशी किंवा टाचेवर रुपयाएवढे गोल भोक, कडा जाड आणि पांढरट, आत पू, कधी तळाशी हाड. ज्याचा पाय आहे तो मात्र डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या एखाद्या पाड्यावरून चालत आलेला असतो. जखम कशाने झाली असे विचारले, तर त्याला सांगता येत नाही. बाभळीचा काटा, राबातला निखारा, चपलेतला खिळा, काहीही असेल. दुखले नाही म्हणून कळले नाही, आणि कळले नाही म्हणून चालणे थांबले नाही. कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय असा ओळखू येतो.

या पायात काय बिघडले आणि कुठे बिघडले नाही, हे गेल्या तीस वर्षांत एका छोट्या रेणूमुळे बरेच स्पष्ट झाले आहे. त्या रेणूचे नाव एलएल-३७. माणसाच्या शरीरात तयार होणारे हे प्रतिजैविक आहे. ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. मात्र त्याच्या नावाने, किंवा त्याला जागे करतो असे सांगून विकले जाणारे बरेच काही मिळते. म्हणून या रेणूची नीट ओळख करून घेणे सर्वसामान्य वाचकाच्याही कामाचे आहे.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या, आणि अशी साखळी आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणतात. एलएल-३७ मध्ये सदतीस दुवे आहेत. पहिले दोन दुवे ल्युसिन या अमिनो आम्लाचे, म्हणून नावात दोनदा ‘एल’. या नावामागे एक गमतीची गोष्ट आहे. १९९५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी जनुकाचा मजकूर वाचून अंदाज केला, की हे पेप्टाइड एकोणचाळीस दुव्यांचे असावे. नावही देऊन टाकले, फॉल-३९. पुढच्या वर्षी रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून खरे पेप्टाइड वेगळे काढले, तर ते दोन दुव्यांनी तोकडे निघाले. शरीराने साखळी कापली होती ती जरा पुढे. कागदावरच्या हिशोबावर शरीराने केलेली ही दुरुस्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ती आणखी एकदा भेटणार आहे.

शरीर हे हत्यार उघडे ठेवत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत ते एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडलेले, म्यानात घातल्यासारखे असते. जंतू आले, पेशीने कण बाहेर टाकले, की प्रोटिनेज-३ नावाचे विकर म्यान कापते आणि सदतीस दुवे मोकळे होतात. त्वचेच्या पेशीही हेच पेप्टाइड बनवतात. गाईच्या, डुकराच्या शरीरात या कुळातली अनेक पेप्टाइडे असतात. माणसाकडे या कुळातले हे एकच.

आता रचना. साध्या पाण्यात ही साखळी विस्कटलेल्या दोऱ्यासारखी असते, तिला आकार नसतो. शरीरातल्या क्षारांच्या सान्निध्यात किंवा जंतूच्या आवरणाजवळ आली की ती वळते आणि जिन्याच्या वळशांसारखी सर्पिल होते. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातील गुआंगशुन वांग यांनी २००८ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने हा आकार तपशीलवार दाखवला. दुसऱ्या दुव्यापासून एकतिसाव्या दुव्यापर्यंत किंचित वाकलेले सर्पिल, आणि शेवटचे काही दुवे मोकळी शेपटी. सदतीसपैकी अकरा दुव्यांवर धन विद्युतभार, पाचांवर ऋण. हिशोब सहा धन. सर्पिल वळल्यावर तेलकट दुवे एका बाजूला जमतात आणि भारित दुवे दुसऱ्या बाजूला. एका अंगाने तेलाची, दुसऱ्या अंगाने पाण्याची ओढ असलेली ही काडी झाली.

जंतूंच्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूला ऋणभार असतो. धनभारित काडी तिकडे खेचली जाते, चिकटते, तिची तेलकट बाजू आवरणाच्या मेदात घुसते आणि आवरण फाटते. माणसाच्या पेशीची बाहेरची बाजू जवळपास भाररहित असते आणि तिच्यात कोलेस्टेरॉल असते, म्हणून ती बरीचशी बचावते. ‘बरीचशी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. मात्रा वाढली तर हे पेप्टाइड आपल्याच पेशींनाही इजा करते. सोरायसिसच्या रुग्णांत ते रुग्णाच्याच डीएनएला चिकटते आणि त्यातून शरीर स्वतःविरुद्ध भडकते, असे २००७ मध्ये दाखवले गेले. चेहरा लाल होणाऱ्या रोझेशिया या विकारातही त्याचा अतिरेक सापडला. तेव्हा ‘जितके जास्त तितके चांगले’ हे गणित या रेणूच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच चुकते.

अशा पेप्टाइडांचा अभ्यास मुंबईतही झाला आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या डॉ. सुसान इडिक्युला-थॉमस आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या जंतुनाशक पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा संग्रह उभा केला आणि २०१० मध्ये तो संशोधकांना खुला झाला. नवी साखळी जंतू मारू शकेल का, याचा अंदाजही त्यातून बांधता येतो. योगायोग असा, की माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावरील ज्या जनुकातून एलएल-३७ येते, त्याचेही नाव कॅम्पच.

परळहून शहापूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. त्या वाटेवर ‘कॅम्प’चा आणि तळपायाच्या भोकाचा संबंध जोडणारा दुवा म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू.

हा जंतू आवरण फाडून मरणाऱ्या साध्या जंतूंपैकी नाही. त्याच्याभोवती मेणासारखी जाड भिंत असते, आणि तो लपतो तो थेट भक्षक पेशींच्या पोटात व नसांच्या आत. दुप्पट व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी तो पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. त्याची लागण झालेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. ज्यांना होतो त्यांच्यातही दोन टोके दिसतात. एकाच्या अंगावर एखाददुसरा फिकट, बधिर चट्टा असतो आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्याची त्वचा जाड, तेलकट, कानाच्या पाळ्या सुजलेल्या आणि जंतू अक्षरशः कोट्यवधी. जंतू तोच, मग हा फरक का?

त्याचे एक उत्तर लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने शोधले. २००६ मध्ये त्यांनी दाखवले, की भक्षक पेशीला क्षयरोगाच्या जंतूची चाहूल लागली की ती डी जीवनसत्त्वाचे रक्तातले रूप घेऊन स्वतःच त्याचे सक्रिय रूप बनवते आणि त्याच्या जोरावर एलएल-३७चे जनुक सुरू करते. रक्तात डी जीवनसत्त्व कमी असेल तर हे काम नीट होत नाही. २०१२ मध्ये त्याच गटाने कुष्ठरोगाकडे मोर्चा वळवला. जंतूंनी भरलेल्या त्वचेत मायक्रो-आरएनए-२१ या नावाचा एक छोटा रेणू वाढलेला सापडला. तो डी जीवनसत्त्व सक्रिय करणाऱ्या विकराचीच निर्मिती दाबतो. म्हणजे कच्चा माल असूनही कारखाना बंद. प्रयोगात या रेणूला निष्प्रभ केले तेव्हा भक्षक पेशी पुन्हा जंतुनाशक पेप्टाइडे बनवू लागल्या. एका चट्ट्यावर थांबलेल्या रुग्णांत हा मार्ग चालू दिसतो, जंतूंनी भरलेल्यांत जंतूनेच त्याला कुलूप घातलेले दिसते.

आणखी एक नोंद करायला हवी. डी जीवनसत्त्वाने हे जनुक चालू होणे ही सोय माणसात आणि त्याच्या जवळच्या प्रजातींत आहे, उंदरात नाही. त्यामुळे उंदरांवरच्या प्रयोगांतून जे हाती येते ते या बाबतीत माणसाला लागू करता येत नाही.

एवढे वाचल्यावर कोणाच्याही मनात येईल ते बाजाराच्या मनात फार पूर्वीच आले. कारखान्याला डी जीवनसत्त्व लागते ना, मग द्या डी जीवनसत्त्व. साठ हजार युनिटची पाकिटे आता तालुक्याच्या दुकानातही चिठ्ठीशिवाय मिळतात आणि ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून दर आठवड्याला महिनोन् महिने घेतली जातात. कागदावरचा हिशोब आणि शरीराचा हिशोब यांची दुसरी गाठ पडते ती येथे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयरोगाच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर डी जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले गेले. थुंकी जंतुमुक्त व्हायला लागणारा वेळ कमी झाला नाही. मंगोलियात आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला ते दिले. डी जीवनसत्त्वाची तिथे मोठी कमतरता होती, ती भरूनही निघाली. क्षयरोगाची लागण मात्र कमी झाली नाही. २०२० मध्ये हे निष्कर्ष आले. याउलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील अभ्यासात क्षयरुग्णाच्या घरच्यांना साधा शिधा आणि पूरक जीवनसत्त्वे दिली, तर त्यांच्यातला क्षयरोग ३९ टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळ. पोटभर अन्नाची जाहिरात कोणी करत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

डी जीवनसत्त्वाची खरी कमतरता असेल तर ते जरूर द्यावे, हाडांसाठी तर द्यावेच. पण रक्त न तपासता, डॉक्टरला न विचारता पाकिटांमागून पाकिटे रिचवणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडाला इजा होते. आणि अंगावर बधिर चट्टा असलेल्या माणसाने त्या पाकिटावर विसंबून सहा महिने काढले, तर त्या सहा महिन्यांत जी नस जाते ती परत येत नाही.

पेप्टाइडच औषध म्हणून दिले तर? तेही करून झाले आहे. बेडकाच्या कातडीत सापडलेल्या मॅगेनिन या पेप्टाइडवरून बनवलेले पेक्सिगॅनन हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी तयार झाले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मंजुरी नाकारली, कारण ते उपलब्ध प्रतिजैविकांपेक्षा सरस ठरले नाही. खुद्द एलएल-३७चा वापर शिरांच्या विकारामुळे झालेल्या पायाच्या जुनाट व्रणांवर झाला. या व्रणांच्या कडांमधल्या पेशींत हे पेप्टाइड जवळजवळ नसते, हे आधीच कळले होते. २०१४ मध्ये आलेल्या छोट्या चाचणीत कमी मात्रेने व्रण लवकर भरले. सर्वात जास्त मात्रेने मात्र फायदा दिसला नाही. रेणूची रचना आधीच सांगत होती तेच झाले. शिवाय जखमेतल्या पुवात प्रथिने कापणारी विकरे भरपूर असतात, ती या सदतीस दुव्यांचे तुकडे करतात. आज या पेप्टाइडचे छोटे, टिकाऊ तुकडे घडवण्याचे काम जगभर चालू आहे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत असताना ते चालायलाच हवे, आपल्याकडेही.

पण शहापूर-मुरबाडच्या त्या तळपायाला उद्या एखादे आदर्श पेप्टाइड मिळाले तरी ते एकटे जखम भरू शकणार नाही. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९५० च्या आसपास हे दाखवून दिले होते. कुष्ठरुग्णाचे मांस ‘सडते’ हा समज खोटा आहे, त्याचे मांस इतरांसारखेच भरून येते. जखम होते आणि टिकते ती बधिर पायावर सतत भार पडल्यामुळे. पाय प्लास्टरमध्ये ठेवून भार हलका केला, तर वर्षानुवर्षांचे व्रण काही आठवड्यांत भरतात. ज्या माणसाला आवणी सोडून घरी बसता येत नाही, त्याच्यासाठी सहा आठवड्यांचे प्लास्टर म्हणजे हंगाम बुडणे. येथे वैद्यकशास्त्र संपते असे म्हणण्याचा मोह होतो. खरे तर तिथे वैद्यकाची बरीच कामे सुरू होतात.

डॉ. आर. गणपती यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने शहापूर तालुक्यात पूर्वी जे काम केले, त्यात हे भान होते. रोग शोधणे, बहुविध औषधे देणे आणि त्याच्या जोडीला हातापायांच्या विकृती टाळण्याची निगा. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण राहिले आणि ‘कुष्ठरोगाचे निर्मूलन झाले’ असे जाहीर झाले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन, असे ते वाक्य होते. पहिले शब्द गळून पडले आणि लोकांनी, काही डॉक्टरांनीही, रोग संपला असे धरले. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला एक लाखाच्या आसपास. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात हा रोग कधीच हटला नव्हता.

घरोघरी शोध मोहिमा होतात. आशा कार्यकर्ती आणि तिच्यासोबत एक पुरुष कार्यकर्ता, अशी जोडी त्यासाठीच असते, कारण पाठ, मांड्या, कंबर उघडून पाहिल्याशिवाय चट्टा सापडत नाही. प्रत्यक्षात पुरुष कार्यकर्ता अनेकदा कागदावर असतो. दिवाळीनंतर मोहीम ठेवली तर निम्मा पाडा भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेला असतो. घराला कुलूप, रजिस्टरमध्ये ‘तपासले’. जे कातकरी कुटुंब नोव्हेंबरमध्ये भट्टीवर जाते आणि मे-जूनमध्ये परतते, त्याला बारा महिन्यांचा औषधोपचार कसा पुरा करता येईल? नियम त्यावर उत्तर देतो. स्थलांतर करणाऱ्याला पुढच्या महिन्यांची औषधांची पाकिटे एकदम द्यावीत, घरातल्या एकाला किंवा मुकादमाला लक्ष ठेवायला सांगावे. हे करायला पैसा लागत नाही. जाण्याआधी विचारावे लागते, एवढेच. क्लोफाझिमिनने त्वचा काळसर होते हेही आधी सांगावे लागते, नाहीतर भट्टीवर चेहऱ्याचा रंग पाहून बोलणारे बोलतात आणि गोळ्या बंद होतात.

पायाच्या निगेचा सल्ला ठरलेला आहे. रोज अर्धा तास पाय पाण्यात बुडवून ठेवा, जाड कातडी घासून काढा, ओल्यावरच तेल लावा, सुती फडक्याने पुसून तळवा आरशात पाहा. उत्तम सल्ला. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या वेशीवर आहेत, आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढणाऱ्या घरात एक बादली पाय भिजवायला राखून ठेवा, असे सांगणाऱ्याने आधी ती बादली येणार कुठून ते विचारावे. भांडी घासलेले पाणी चालते, हे सांगितले तर सल्ला पाळला जातो.

मऊ रबराची, ज्यांना एमसीआर म्हणतात ती चप्पल शासनाकडून मोफत मिळते. ती मापाची हवी आणि वेळेवर हवी. दोन नंबर मोठी चप्पल चिखलात निसटते आणि पट्ट्याने नवी जखम होते. ऑगस्टमध्ये आलेली चप्पल त्या वर्षी निरुपयोगी, कारण आवणी संपलेली असते. माप एप्रिलमध्ये घेतले, मेअखेर चपला पाड्यावर पोहोचल्या, तर जूनच्या चिखलात त्यांचा उपयोग आहे. चिखलात मुळात चप्पल घालून काम करता येत नाही, ही तक्रार खरी आहे. निदान बांधापर्यंत जाता-येताना आणि राब भाजताना तरी ती पायात असते.

रुग्णाच्या घरातल्या इतरांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देण्याची सोयही आता कार्यक्रमात आहे. बांगलादेशातल्या चाचणीत अशा डोसने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांची संख्या ५७ टक्क्यांनी घटली होती. मायक्रो-आरएनए-२१ने कोणाच्या भक्षक पेशींना कुलूप घातले आहे हे पाड्यावर तपासता येत नाही. रुग्णाची सून, नातू, शेजारी कोण, हे आशाला तोंडपाठ असते. ती यादी आरोग्य केंद्राने आवणीच्या आधी मागवली, तर डोस आणि चपलांचे माप एकाच फेरीत उरकते.